यादीत नाव कोणाचे आणि किल्ली कोणाकडे? : बहिष्कृत हितकारिणी सभा, हरिजन सेवक संघ आणि आजच्या स्वयंसेवी संस्था

रत्नागिरी जिल्ह्यात स्वयंसेवी संस्थेत कामाला लागलेल्या आपल्या मुलामुलींना एक प्रश्न पाठ असतो. आधी विचारतात, "गाव कोणतं?" गाव सांगितले की लगेच पुढचा प्रश्न येतो, "वाडी कोणती?" कोकणात वाडी सांगितली की जात सांगून झाली. कुणबीवाडी, भंडारवाडी, ब्राह्मणवाडी, बौद्धवाडी. वेगळे काही विचारावे लागत नाही.

मी समाजशास्त्रात एम.ए. करून एका संस्थेत मुलाखतीला गेले तेव्हा हेच झाले. बौद्धवाडी म्हटल्यावर समोरच्या बाई प्रेमाने म्हणाल्या, "छान, आम्हाला तुमच्यातलंच कुणीतरी हवं होतं." नोकरी मिळाली. वस्तीत सर्वेक्षण करायचे, बचत गटाच्या बायकांना जमवायचे, पाहुणे आले की त्यांना वस्ती दाखवायची, ही माझी कामे. कोणत्या वस्तीत कोणते काम घ्यायचे आणि त्यावर किती पैसे खर्च करायचे हे ज्या बैठकीत ठरे, तिथे पाच वर्षांत मला एकदाही बोलावणे आले नाही. वार्षिक अहवालात मात्र माझा फोटो दोनदा आला.

हल्ली संस्थांमध्ये डायव्हर्सिटी, इक्विटी आणि बिलाँगिंग या शब्दांची चलती आहे. देणगीदार कंपन्या विचारतात, संस्था फॉर्म भरतात, हॉटेलच्या हॉलमध्ये प्रशिक्षण होते. आपल्यातले काही जण या शब्दांना हसतात आणि काही जण हुरळून जातात. मला दोन्ही पटत नाही. कारण हा प्रश्न आपल्याला नवा नाही. संस्था कोणाची, कोणासाठी आणि कोणाच्या हातात, हा वाद आपल्या चळवळीने शंभर वर्षांपूर्वी घातला आहे. त्याचे उत्तरही देऊन ठेवले आहे. ते उत्तर आपणच विसरलो, म्हणून हा लेख.

दापोलीपासून सुरुवात

आपल्या जिल्ह्यातच सुरुवात करू. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचाराने भारलेला हा माणूस. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले आणि १८९० च्या सुमारास दापोलीत 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन केली. अस्पृश्यांनी स्वतः काढलेली, स्वतः चालवलेली ही अगदी सुरुवातीची संस्था. पुढे १८९५ मध्ये त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. सवर्ण सभासदांना ते रुचले नाही. वर्तमानपत्रांतून वाद झाला.

यातून काय दिसते? वलंगकर अर्ज लिहीत होते, पुस्तिका काढत होते, तोवर कुणाला फारशी अडचण नव्हती. ते निर्णय घेणाऱ्या टेबलाशी येऊन बसले तेव्हा अडचण झाली. 'तुमच्यातलंच कुणीतरी' सर्वांना हवे असते, पण ते वस्तीत. बोर्डावर नाही.

त्यानंतर आली सुधारकांची संस्था. १९०६ साली विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. अध्यक्ष होते सर नारायण चंदावरकर. शिंदे यांच्या त्यागाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शाळा निघाल्या, वसतिगृहे निघाली, आपली मुले शिकली. पण ती अस्पृश्यांसाठी काढलेली संस्था होती, अस्पृश्यांची नव्हती. 'साठी' आणि 'ची' या दोन प्रत्ययांमधले अंतर मोजायला आणखी काही वर्षे जावी लागली.

१९२४ : पाहुणे मानाने वर, कारभार आपल्या हाती

९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली तिची नोंदणी झाली. आज तुमच्या-माझ्या गावचे मंडळ ज्या कायद्याखाली नोंदवले जाते, तोच हा कायदा.

आता तिच्या पदाधिकाऱ्यांची यादी नीट वाचा. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत मेयर निसीम हे ज्यू. रुस्तमजी जिनवाला आणि जी. के. नरिमन हे पारशी, शिवाय डॉ. व्ही. पी. चव्हाण, रँग्लर र. पु. परांजपे आणि सॉलिसिटर बाळासाहेब खेर. परांजपे आपल्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. खेर जन्माने रत्नागिरीचे. दोघेही ब्राह्मण. आजच्या भाषेत बोलायचे तर यापेक्षा डायव्हर्स यादी शोधून सापडणार नाही.

पण यादी इथे संपत नाही. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर, मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर. खजिनदार एन. टी. जाधव. म्हणजे नाव, प्रतिष्ठा आणि ओळखी घेऊन येणाऱ्यांना मानाची जागा दिली. पत्रव्यवहार, पैसा आणि रोजचा निर्णय मात्र ज्यांच्यासाठी सभा काढली त्यांच्याच हातात ठेवला. आणखी एक गोष्ट पाहा. शिवतरकर चर्मकार समाजातले होते. बाबासाहेबांनी 'आपले' म्हणताना एकाच जातीचे माणसे गोळा केली नाहीत.

या रचनेचा उपयोग काय झाला? सोलापूरला जानेवारी १९२५ मध्ये वसतिगृह निघाले. मुंबईत वाचनालय चालले. पण मोठी कसोटी आली १९२८ मध्ये. सायमन कमिशनवर काँग्रेसने बहिष्कार टाकला, अनेक उदारमतवादी पुढाऱ्यांनीही टाकला. देशभर 'सायमन परत जा'च्या घोषणा होत्या. अशा वेळी २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने कमिशनपुढे आपले निवेदन सादर केले. आपल्या राजकीय हक्कांचा विषय निघाला असता आपण घरी बसणार नाही, हा निर्णय सभेने स्वतः घेतला. कारभाराची दोरी मानाच्या पाहुण्यांच्या हाती असती तर हे निवेदन निघाले असते का? मला तरी वाटत नाही.

खेरांचे उदाहरण याच्या पुढचे आहे. १९३७ मध्ये ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले, त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसे म्हणत. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. खोत आणि कूळ म्हणजे काय हे रत्नागिरीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. मागण्या ज्यांच्यापुढे ठेवायच्या ते होते खेर. विधेयक त्या कारकिर्दीत कायदा झाले नाही. खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो १९४९ चा, स्वातंत्र्यानंतर, आणि तेव्हाही मुख्यमंत्री खेरच होते. मी त्यांना खलनायक ठरवत नाही. सांगायचे ते इतकेच की, चांगला माणूस पाठीशी असणे वेगळे आणि निर्णय आपल्या हाती असणे वेगळे. पाठीशी असलेला माणूस उद्या टेबलाच्या पलीकडे बसलेला असू शकतो. तेव्हा आपली संस्था आपल्या पायावर उभी असली पाहिजे.

१९३२ : आगबोटीतून लिहिलेले पत्र

पुणे करार झाला २४ सप्टेंबर १९३२ रोजी. त्यानंतर आठवडाभरात मुंबईत अस्पृश्यता निवारणासाठी अखिल भारतीय संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा. सुरुवातीच्या मध्यवर्ती मंडळावर बाबासाहेबांनाही घेतले होते.

तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना 'व्हिक्टोरिया' आगबोटीवरून १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बाबासाहेबांनी ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचले पाहिजे. त्यातला पहिला मुद्दा असा : अस्पृश्यांमधल्या एकेका माणसाला सुधारायचे, की त्याच्या भोवतीची परिस्थिती बदलायची? दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालय यांनी एखाददुसरा माणूस वर येईल. पण विहीर बंद, शाळेत वेगळे बसायचे, चावडीवर प्रवेश नाही, ही परिस्थिती तशीच राहिली तर बाकीचे तिथेच राहतील. म्हणून संघाने आधी नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम काढावी. मग नोकरी-धंद्यात समान संधीसाठी झटावे. आणि मग सवर्ण आणि अस्पृश्य यांचा घराघरांत, रोजच्या जगण्यात संबंध वाढवावा.

आता या तीन गोष्टी हॉटेलच्या हॉलमधल्या फळ्यावर लिहिलेल्या तीन शब्दांशेजारी ठेवून पाहा. प्रवेश आणि प्रतिनिधित्व, समान संधी, आपलेपणा. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीचे पत्र आहे हे.

पत्रातला शेवटचा मुद्दा आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे : हे काम करणारी माणसे कोण असावीत? बाबासाहेबांनी सांगितले की कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्य वर्गातून घ्यावेत, कारण ज्यांना या लोकांविषयी मनापासून प्रेम आहे तेच हे काम नोकरी म्हणून न करता आपले म्हणून करतील. अस्पृश्यांमध्येही लबाड माणसे असतात हे त्यांनी तिथेच कबूल केले. म्हणजे जात हेच प्रमाणपत्र, असे ते म्हणत नव्हते. पगारी सेवेकरी आणि आपला माणूस यांतला फरक ते दाखवत होते.

या पत्राची साधी पोचही आली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे १९४५ च्या ग्रंथात लिहिले आहे. ते संघापासून दूर झाले. अस्पृश्यांना संघाच्या कारभारात घ्यावे अशी मागणी झाली तेव्हा गांधीजींची भूमिका अशी होती : अस्पृश्यता हे हिंदूंचे पाप आहे, संघ हे त्या पापाचे प्रायश्चित्त आहे, पैसाही हिंदूंचा आहे, म्हणून संघ हिंदूंनीच चालवावा.

वरवर पाहता हा युक्तिवाद नम्र वाटतो. ऋणकोने कर्ज फेडायचे, धनकोने फक्त घ्यायचे. पण जरा विचार करा. कर्ज किती, ते कोण ठरवणार? हप्ता कधी द्यायचा, ते कोण ठरवणार? फेड झाली की नाही, हे कोण सांगणार? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ऋणकोच देणार असेल तर धनको हा नावापुरताच धनको. प्रत्यक्षात तो याचकच राहतो. संघाने शाळा काढल्या, शिष्यवृत्त्या दिल्या, हे खरे आहे आणि ते नाकारण्याची गरज नाही. पण ज्याच्या आयुष्याबद्दल निर्णय होतो त्यालाच खोलीबाहेर बसवून केलेली सेवा ही शेवटी दया असते. दयेला अपील करता येत नाही. हक्काला करता येते.

आज एखाद्या संस्थेचे विश्वस्त मंडळ चार आडनावांचे असते आणि वस्तीत फिरणारे सगळे कार्यकर्ते बौद्ध, कातकरी, कुणबी असतात, तेव्हा ती संस्था नकळत १९३२ चाच युक्तिवाद चालवत असते. खाजगी विश्वस्त मंडळाला आरक्षण लागू नाही. म्हणून तिथे कायदा येणार नाही, प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल.

मग आपल्या संस्थेत फक्त आपणच?

इथे काही तरुण मित्र दुसऱ्या टोकाला जातात. "त्यांना घ्यायचेच कशाला? आपली संस्था, आपलीच माणसे." त्यांनी महाड आठवावे. १९२७ च्या महाड सत्याग्रहाला पाठिंबा देताना ब्राह्मणेतर पक्षाच्या जेधे आणि जवळकर यांनी अट घातली होती की ब्राह्मण कार्यकर्त्यांना चळवळीत घेऊ नये. संख्याबळाचा विचार करता अट मान्य करणे फायद्याचे होते. बाबासाहेबांनी ती फेटाळली. आपले भांडण ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसाशी नाही, ब्राह्मण्याशी आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी.

१९२७ च्याच सप्टेंबरमध्ये समाज समता संघ निघाला, त्यात स्पृश्य-अस्पृश्य दोघेही होते. त्याच्या 'समता' पत्राचे संपादक देवराव नाईक. स्वतंत्र मजूर पक्षाकडून १९३७ मध्ये निवडून आलेल्यांत अनंत चित्रे आणि शामराव परुळेकर होते आणि खोतीविरोधी लढ्यात कुणबी, महार, भंडारी कुळे एकाच बाजूला होती. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस प्राचार्य झाले. ते जातीने कायस्थ प्रभू. बाबासाहेबांना त्यात काही गैर वाटले नाही.

म्हणजे सूत्र काय? दार सर्वांना उघडे. कामाची जागा लायकीने आणि निष्ठेने. पण संस्था कशासाठी आहे हे ठरवण्याचा अधिकार, ज्यांच्या दुःखातून ती निघाली त्यांच्याकडे. सहस्रबुद्धे आपल्या व्यासपीठावर आले ते आपला कार्यक्रम मान्य करून. ते कार्यक्रम शिकवायला आले नव्हते.

उपालीला आधी दीक्षा का?

आपलेपणा ही गोष्ट प्रशिक्षणाने येते का? थोडीफार येत असेल. पण तथागतांनी ती नियमात बसवली होती. शाक्य राजपुत्र संघात यायला निघाले, त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपालीही होता. राजपुत्रांनीच विनंती केली की उपालीला आमच्या आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व मोडेल. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने, जन्माने नाही. म्हणून कालपर्यंत ज्याच्यापुढे उपाली वाकत होता तो आज उपालीपुढे वाकला. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचे काम उपालीकडे आले. म्हणजे संघाचे नियम कोणते, हे सांगणारा माणूस न्हावी होता. तो संघाच्या दारातच राहिला नाही.

'गर्व सोडा' असा नुसता उपदेश करून राजपुत्र बदलले नसते. क्रम बदलला, म्हणून माणसे बदलली. संस्थांनी इथून शिकावे.

आता आरसा आपल्याकडे

इथपर्यंत वाचून बरेच मित्र खूश झाले असतील. आता पुढचे वाचा.

आपल्या कोकणात प्रत्येक वाडीला गावशाखा असते, मुंबई शाखा असते आणि महिला मंडळ असते. मुंबईच्या चाकरमान्यांनी गिरणीत, गोदीत राबून गावात विहारे बांधली, मुले शिकवली. ते ऋण मोठे आहे. पण विहाराचा रंग कोणता, जयंतीला वक्ता कोण, कोणाच्या घरचा वाद कसा मिटवायचा, हे सगळे मुंबईत ठरते आणि गावात राहणाऱ्यांनी खुर्च्या मांडायच्या, हे बरोबर आहे का? मी एका वाडीत बैठकीला होते. जयंतीचा हिशोब चालला होता. बायका मागच्या पडवीत भाकऱ्या थापत होत्या. मी विचारले, "कार्यकारिणीत बाई किती?" एक काका हसून म्हणाले, "महिला मंडळ दिलंय ना त्यांना." दिलंय! हा शब्द मी कुठे ऐकला होता ते मला लगेच आठवले.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला अस्पृश्य महिलांच्या अखिल भारतीय परिषदेचे अध्यक्षपद सुलोचनाबाई डोंगरे यांनी भूषवले. हजारो बायका आल्या होत्या. तरी या बायकांची नावे इतिहासात यायला १९८९ साल उजाडले, जेव्हा ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले. ऊर्मिलाताई आपल्या रत्नागिरीच्या. आपल्याच चळवळीतल्या आपल्याच आयांची नोंद आपण इतकी वर्षे केली नाही, हा दोष कुणा बिर्लांचा नाही.

तसेच शिवतरकरांचे. बाबासाहेबांच्या पहिल्या संस्थेचा चिटणीस चर्मकार होता. आज तुमच्या तालुक्यातल्या आंबेडकरी संस्थेत चर्मकार, मातंग, कातकरी किती आहेत? "ते येत नाहीत" हे उत्तर मला नको. सवर्ण संस्थाही आपल्याबद्दल हेच सांगतात.

चार प्रश्न

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. तुम्ही नोकरी करता ती संस्था असो, नाहीतर तुमचे गावचे मंडळ असो, चार प्रश्न विचारा.

एक, बँकेच्या खात्यावर सह्या कोणाच्या? दोन, मागच्या तीन बैठकांत ठराव कोणी मांडले आणि अनुमोदन कोणी दिले? इतिवृत्ताची वही काढा, त्यात सगळे लिहिलेले असते. तीन, उन्हात वस्तीत कोण फिरते आणि पंख्याखाली अहवाल कोण लिहिते. आणि फिरणारा माणूस लिहिण्याच्या खुर्चीपर्यंत किती वर्षांत पोहोचतो? चार, अध्यक्षाविरुद्ध तक्रार असेल तर ती कोणाकडे करायची? उत्तर 'अध्यक्षाकडे' असेल तर पुढे विचारायची गरज नाही.

संस्थेत असलेल्या मित्रांना आणखी एक सांगते. हे प्रश्न विचारल्यावर लगेच राजीनामा देऊन घरी बसू नका. बाबासाहेबांनीही आधी सविस्तर पत्र लिहिले, काय करायला हवे ते मुद्देसूद सांगितले. पोच आली नाही तेव्हा वाट वेगळी केली. आणि वेगळी वाट आधीच तयार होती, कारण १९२४ मध्ये आपली संस्था उभी केलेली होती. हा क्रम लक्षात ठेवा. आपली संस्था मजबूत असेल तरच दुसऱ्याच्या संस्थेत मान वर करून बोलता येते.

मी माझ्या गावशाखेत पत्र दिले आहे : कार्यकारिणीत निम्म्या बायका आणि खात्यावर एक सही बाईची. अजून उत्तर आलेले नाही. पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी पडवीत बसणार नाही, सतरंजीवर बसणार आहे. तुमच्या गावात काय होते ते मला जरूर कळवा.

जय भीम. नमो बुद्धाय.